आधी टाकी बघा, मग लिलाव शोधा

तुमची बीएसए एम२०, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश लष्करी मोटरसायकल, युद्धानंतर ब्रिटनमध्ये लष्करी लिलावातून सुटली असेल, तर तिच्या इतिहासाचा शोध गाडीपासूनच सुरू करा. पेट्रोलच्या टाकीचा रंग खरवडायची घाई नको. बारीक पॉलिशपेपर ओला करून एकेक थर हळूहळू उतरवा. खाली 'सी' अक्षर आणि त्यापुढे आकडे दिसले, की समजा लष्कराने गाडीला दिलेला क्रमांक हाती लागला! लगेच फोटो काढून ठेवा. पुसला गेला तर परत मिळणार नाही.

नवखे इथे हमखास चुकतात:

- नोंदणीचं साल तेच उत्पादनाचं साल धरतात. १९४२ साली बनलेल्या गाडीला मुलकी नंबर १९४७ ला मिळालेला असू शकतो.
- इंजिन आणि फ्रेमचे नंबर जुळले नाहीत, की फसवणूक समजतात. लष्करी वर्कशॉपमध्ये दुरुस्तीच्या वेळी इंजिनं बदलली जायची.

लिलावांसाठी त्या काळच्या स्थानिक वर्तमानपत्रांतल्या जाहिराती चाळा. नॉटिंगहॅमजवळच्या रडिंग्टन इथल्या लष्करी डेपोत असे लिलाव अनेक वर्षं चालले. जुन्या वाहन-नोंदणीवह्या बऱ्याच नष्ट झाल्या, पण काही ब्रिटनमधल्या काउंटी (जिल्हा) अभिलेखागारांत शिल्लक आहेत, जरूर विचारा. कंत्राट क्रमांकांच्या (लष्कराने ज्या कंत्राटांखाली गाड्या मागवल्या त्यांच्या क्रमांकांच्या) भानगडीत सध्या पडू नका. टाकीचा फोटो मिळाला की दाखवा, पुढचं आपण मिळून बघू.