वाचकांचे प्रश्न : ज्याच्या घराचे पैसे, त्याच्याच घरात

प्रश्न : ताई, मी भोर तालुक्यातला. सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि ६ वर्षं पुण्यात एका कॉन्ट्रॅक्टरकडे साइट सुपरवायझर आहे. आता गावाकडे स्वतःचा धंदा करायचाय. मालकाला हवं तसं एकेक घर बांधून द्यायचं. पहिलं काम मामाचं आहे. शिवाय पुण्यातले दोघं जण दिवाळीनंतर आमचंही सुरू करा म्हणतायत. तिन्ही एकदम घेऊ का? नुसत्या मजुरीवर काम घ्यावं की मालासकट? मामाकडून लिहून घ्यायला मन धजत नाही. जीएसटीचं काय? मामाच्या घराचा नकाशा सोबत पाठवलाय.

उत्तर : तिन्ही एकदम घेऊ नका. का, ते माझ्यावरच गुदरलेलं सांगते.

मी पौडजवळ राहते आणि २००४ पासून मुळशीत घरं बांधते. २०११ साली हातात दोन घरं होती. त्यातलं एक एका शिक्षक जोडप्याचं. त्यांनी स्लॅबचा हप्ता मार्चमध्ये, ठरल्या दिवशी आणून दिला. त्याच आठवड्यात दुसऱ्या घराची फरशी येऊन पडली होती आणि तो मालक ‘देतो, देतो’ म्हणत होता. पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे, असं म्हणून मी शिक्षकांचे पैसे तिकडे फिरवले. ते परत यायला मे संपला. इकडे सेंट्रिंग (स्लॅब ओतायचा फळ्यांचा साचा) ठोकलेलं, उधारीवर आणलेली सळई बांधून तयार, आणि सिमेंट-खडीला पैसे नाहीत. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला तो उघडलाच नाही. फळ्या फुगल्या. सळयांवरून तांबडं पाणी ठिबकायचं आणि जोत्यावर त्याचे डाग पडायचे. त्या बाई छत्री घेऊन यायच्या, डागांकडे बघत उभ्या राहायच्या आणि एक शब्द न बोलता परत जायच्या. दिवाळीनंतर तारेच्या ब्रशनं एकेक सळई घासून मग स्लॅब टाकला. मधल्या महिन्यांचं त्यांचं घरभाडं मी भरलं. पण त्या वर्षी त्यांना स्वतःच्या घरात मुलीचं लग्न करायचं होतं, ते काही मला भरून देता आलं नाही.

तेव्हापासून प्रत्येक घराचं बँक खातं वेगळं, वही वेगळी. एका साइटवर उरलेल्या दहा गोणी सिमेंट दुसरीकडे नेल्या तरी दोन्ही वह्यांत नोंद होते.

हप्ते लहान ठेवा, आणि हप्ता कामाच्या आधी यायला हवा, नंतर नाही. पाया, जोतं, लिंटल (दारं-खिडक्यांवरची आडवी पट्टी), स्लॅब, गिलावा, फरशी-रंग असे टप्पे पाडा. सगळ्यात मोठा खड्डा स्लॅबला पडतो. १००० चौरस फुटांचा ५ इंची स्लॅब धरला तर बीम सोडून ४०० घनफुटांच्या वर काँक्रीट लागतं. एम-२० म्हणजे घरांच्या स्लॅबला नेहमी वापरतात त्या प्रतीच्या काँक्रीटला त्याचं सिमेंटच शंभरेक गोणी होतं, आणि ते एका दिवसात जिरतं. तो हप्ता खात्यात जमा झाल्याशिवाय सेंट्रिंगवाल्याला तारीख देऊ नका. उलट शेवटचे ५ टक्के मी पहिला पावसाळा गेल्यावर घेते. गळलं तर मालकाच्या हातात काहीतरी राहतं, आणि एवढ्या एका गोष्टीवर मला पुढची कामं मिळाली आहेत.

आता दिवस मोजा. ऑक्टोबर ते मे म्हणजे आठ महिने, असं कागदावर दिसतं. पण दिवाळीच्या आगेमागे आपल्याकडे भातकापणी, तेव्हा गावातला बिगारी साइटवर मिळत नाही. चैत्र लागला की गवंडी आपापल्या गावच्या जत्रेला जातात, मेमध्ये लग्नं. म्हणजे मन लावून काम होतं ते डिसेंबर ते मार्च. या चार महिन्यांत तुम्ही स्वतः रोज उभे राहू शकाल अशी घरं पहिल्या वर्षी किती? माझ्या मते एक. पुण्याच्या दोघांना पुढच्या डिसेंबरची तारीख द्या. ज्यांना तुमच्याच हातचं घर हवंय ते थांबतात.

मजुरी की माल? पहिलं घर मजुरीवर घ्या, माल मामांना आणू दे, पण मोजून तुम्ही घ्या. खडी, क्रश सँडची (दगड फोडून केलेल्या वाळूची) गाडी आली की रिकामी करायच्या आधी टेप लावा. लांबी, रुंदी, उंची फुटांत गुणून १०० नी भागली की ब्रास. पावतीवरचा आकडा आणि हा आकडा दोन्ही वहीत लिहा. एक वर्ष असं केलंत की कोणत्या घराला काय आणि किती लागतं ते तुमच्या बोटांवर येईल. मग मालासकट दर सांगायची भीती वाटणार नाही.

मामांकडून लिहून घ्याच. मामी उद्या म्हणतील, इथं एक खिडकी वाढवू. तेव्हा कागद नसला तर खिडकीचे पैसे तुम्ही मागू शकणार नाही आणि मामा आपणहून देणार नाहीत, आणि दोघंही मनात धरून बसाल. दर चौरस फुटाचा असेल तर जिना, पॅरापेट (गच्चीचा कठडा), ओटा, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक त्यात धरलंय की वेगळं, हे एकेक नाव घालून लिहा. भांडणं बहुतेक सेप्टिक टँकवरून होतात. पायाची लाइन टाकण्याआधी सातबारा, मोजणीची हद्द आणि परवाना बघा. गाव पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) हद्दीत येतं का, तेही.

जीएसटी : वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी करावी लागते. मालासकट एकच घर घेतलंत तरी ती मर्यादा ओलांडली जाईल, तेव्हा आधीच सीएकडे जा. आणि तुमच्याकडे राबणाऱ्यांना ९० दिवसांच्या कामाचा दाखला मागायची वेळ आणू नका, आपणहून द्या. बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीला तो लागतो.

नकाशा पाहिला. जिन्याखाली बाथरूम दाखवलंय आणि लँडिंग, म्हणजे जिना वळतो तिथला सपाट भाग, दहाव्या पायरीवर. ७ इंची पायरी धरली तर ७० इंच होतात, त्यातून स्लॅब आणि गिलाव्याचे ६ इंच गेले की डोक्यावर ५ फूट ४ इंच उरतात. मामा वाकून अंघोळीला जातील. जमीन खाली घेऊ नका, सांडपाण्याला उतार मिळणार नाही. लँडिंग बाराव्या पायरीवर न्या, साडेसहा फूट मिळतील. वरच्या पायऱ्या दोन कमी होतील, तेवढा बदल आर्किटेक्टकडून सही करून घ्या आणि मगच खोदाईला हात लावा.