पेज दिली, फोन नाही आला

*"मावशी, वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी धारवाडकडची पोरगी चार दिवस तापानं फणफणली होती. दोन्ही वेळा पेज नेऊन दिलो, रात्री उशाशी बसलो. परीक्षा झाली, खोली सोडली, तेव्हापासून साधा फोन नाही. घरचे म्हणतात, तुला सगळे वापरून घेतात. आता कुणाचं काही करायचंच नाही असं ठरवलोय. बरोबर का?*
*(ता. क. पोरगाही माझ्यासारखाच भोळा निघाला. सातवीत आहे, रोज अर्धा डबा वर्गात कुणाला तरी देऊन येतो. काल रागावलो.)"*
*— एक वाचक, शहापूर, बेळगाव*

अगं बाई,

'दिलो', 'बसलो' वाचूनच कळलं, पत्र पक्क्या बेळगावच्या बाईचं आहे. बरं वाटलं.

आधी पोरीचं. राग येणारच. पण ती विसरली असंच धरू नकोस. आज करू, उद्या करू म्हणता महिना जातो, मग फोन करायचीच लाज वाटते. तूच एकदा लाव. तब्येत विचार, पेजेचा विषय काढू नकोस.

आता ता. क. सगळ्यात मोठी गोष्ट तू कंसात कोंबलीस की! पोरगं हे शिकलं कुठून? फेड वरच्या खोलीतून येईल म्हणून तू जिन्याकडे बघत बसलीस, आणि ती दप्तरातून शाळेत गेली.

मध्यंतरी मी खानापूरच्या बसमध्ये होते. जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना शक्ती योजनेत लाल बस फुकट. आधार दाखवायचं, शून्य रुपयाचं तिकीट घ्यायचं. एका म्हातारीचं आधार निघालं चंदगडचं, म्हणजे महाराष्ट्राचं. कंडक्टर कानडीत खेकसतोय, ही कनवटीची नाणी मोजतेय, दहा रुपये कमी. पुढच्या सीटवरच्या कॉलेजच्या पोरीनं काही न बोलता दहाची नोट पुढे केली. मग गंमत बघ. इतका वेळ खिडकीबाहेर बघणाऱ्या बाईनं म्हातारीची बुट्टी मांडीवर घेतली, शेजारची सरकून बसली, आणि खानापुरात त्याच कंडक्टरनं बुट्टी खाली उतरवून दिली. पोरगी वाटेतल्या मच्छे गावालाच उतरली होती. तिला यातलं काही दिसलं नाही.

अमित कुमार आणि निकोलस एपली या मानसशास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये असाच एक अभ्यास छापला. शिकागोत स्केटिंगच्या मैदानावर लोकांना गरम चॉकलेटचा पेला देऊ केला, हवा तर स्वतः ठेवा, नाहीतर कुणा अनोळख्याला द्या म्हणाले. बहुतेकांनी देऊन टाकला. देणाऱ्यांना वाटलं, एवढ्याशानं काय होतंय. घेणारे मात्र त्यांच्या अंदाजापेक्षा जास्त सुखावले. दुसऱ्या एका प्रयोगात, कुणी आपणहून दिलेली भेट ज्यांना मिळाली, त्यांनी पुढे तिसऱ्याच अनोळखी माणसाला जास्त वाटा दिला. म्हणजे चंदगडच्या म्हातारीची बस तिकडेही धावते.

घरच्यांच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे हं. जागरणानं तुझीच पाठ धरत असेल, तर पुढच्या वेळी पेज तू कर आणि उशाशी बसायला गल्लीतल्या दुसरीला हाक मार. एकटीनं सगळं ओढलं की मनात हिशोब सुरू होतो.

आणि उद्या डब्यात एक चपाती जास्त घाल. अर्धा डबा कुणाच्या पोटात जातो, त्याचं नाव तेवढं पोराला विचार.

— मावशी