गाडीच्या कापडी सीट आणि कार्पेट कपड्यांच्या डिटर्जंटने धुतलं तर चालतं का? बादलीभर पाण्यात मूठभर पावडर कालवून ब्रशने रगडायचा विचार आहे. सीटवर मिसळीच्या रश्श्याचा डाग आहे, आणि डावीकडच्या पुढच्या सीटखालचं कार्पेट न धुताही ओलं लागतं.

चालतं. आमच्या घरची गाडी मी अशीच साफ करतो आणि साध्या कापडी सीटसाठी वेगळा महागडा शाम्पू आणायची गरज मला कधी वाटली नाही. पण तुम्ही लिहिलंय तसं, बादलीभर पाण्यात मूठभर पावडर कालवून ब्रशने रगडायचं, हे मात्र करू नका. कपडे आपण घासतो, मग दोन-तीन पाण्यांतून खळबळतो आणि पिळतो. सीटचं तसं करता येत नाही. तिच्यात जे मुरवाल ते सगळं फडक्याने टिपून बाहेर काढावं लागतं. त्यामुळे साबण कमी आणि पाणी त्याहून कमी.

पावडर मी टाळतो. तिच्यात धुण्याचा सोडा असतो, पाण्यात ती पूर्ण विरघळली नाही तर कण कापडात अडकतात आणि वाळल्यावर पांढरे पट्टे उठतात. शिवाय साबणाचा अंश राहिला की तो चिकटपणे धूळ धरून ठेवतो. 'धुतल्यावर सीट जास्तच लवकर मळते' ही तक्रार ऐकायला येते, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. लिक्विड घ्या. लोकरीच्या कपड्यांसाठी मिळणारं ईझीसारखं सौम्य लिक्विड उत्तम, नाहीतर फ्रंट लोड मशीनचं, कारण त्याला फेस कमी येतो. प्रमाण म्हणाल तर एक लिटर कोमट पाण्यात एक चहाचा चमचा, म्हणजे साधारण ५ मिली. वाचून हे फारच थोडं वाटेल, पण पुरतं. ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट फारच काळं झालं असेल तर दोन चमचे. ब्लीच कशातही घालू नका.

साबणाला हात लावण्याआधी गाडी कोरडी असताना व्हॅक्युम मारा. हा टप्पा लोक उरकतात आणि मग धुळीचा चिखल करून बसतात. कोकणातून लाल माती आली असेल तर ती पूर्ण सुकू द्या, ब्रशने मोकळी करा, ओढून घ्या. ओली असताना घासली की ती धाग्यांत आणखी आत जाते. मग पाणी हाताने घुसळून फेस काढा, मऊ ब्रशवर फक्त फेस घ्या आणि हातभर जागा हलक्या हाताने घासा. लगेच स्वच्छ पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने दोन-तीनदा पुसा आणि कोरड्या टॉवेलने दाबून टिपा. टॉवेलवर मळ येणं थांबलं की पुढची जागा. डाग एवढासा असला तरी सीटचा तो अख्खा भाग शिवणीपर्यंत पुसून घ्या, नाहीतर डाग जातो आणि त्याच्या जागी पाण्याची गोल कड दिसत राहते. आधी सीटखाली न दिसणाऱ्या कोपऱ्यात रंग जातो का तेही बघा.

आता तुमचा मिसळीच्या रश्श्याचा डाग. त्यावर साबण लागल्याबरोबर पिवळ्याचा लालसर तपकिरी होऊ शकतो. घाबरून जास्त साबण ओतू नका. हळदीतला रंग साबण-सोड्यातल्या क्षाराला लागला की लाल होतो, लिंबू-व्हिनेगरसारख्या आंबट पदार्थाने परत पिवळा होतो. आधी तेल काढा: भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब ओल्या फडक्यावर घेऊन डागावर दाबा, मग साध्या पाण्याच्या फडक्याने टिपा. पेलाभर पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घालून शेवटचा हात फिरवा, राहिलेल्या साबणाचा क्षारही त्याने निवतो. उरलेला फिकट पिवळेपणा उन्हावर सोपवा. हळदीचा रंग उन्हात विटतो, तेव्हा सीटवर ऊन येईल अशी गाडी लावली की काही दिवसांत तो फिका होत जातो.

दूध सांडलं किंवा घाटात पोरांना उलटी झाली तर गरम पाणी वापरू नका, उष्णतेने त्यातली प्रथिनं घट्ट बसतात. थंड पाण्याने टिपून घ्या, मग पाकिटावर एन्झाइम लिहिलेलं लिक्विड लावून दहा मिनिटं थांबा आणि पुसा. यात उशीर करू नका. दूध खालच्या फोममध्ये उतरलं की वरून कितीही पुसा, बंद गाडीत वास येतच राहतो. मासळीच्या पिशवीतलं पाणी गळलं असेल तर मात्र व्हिनेगरचं पाणी फार उपयोगी पडतं.

वाळवण्याबाबत मी जरा हट्टी आहे. कार्पेटखाली जाड थर असतो, तो एकदा भिजला की वरून कोरडं वाटलं तरी आत ओल राहते, मग कुबट वास आणि बुरशी. म्हणून हे काम ऑक्टोबरच्या उन्हात किंवा उन्हाळ्यात, सकाळी लवकर काढा. चारही दारं उघडी, घरातला टेबल फॅन आत रोखलेला. पावसाळ्यात धुवायचं झालंच तर शेवटी इंजिन चालू करून एसी लावा, तो हवेतली ओल खेचतो. फक्त गाडी उघड्यावर असू द्या, बंद गॅरेजमध्ये नको.

सीटखाली वायरींचे जोड असतात, त्यांतले पिवळे बहुधा एअरबॅगचे. तिथे पाणी ओतायचं नाही, प्रेशर पाइप तर नाहीच, आणि सीट काढण्यासाठी ते जोड स्वतः सोडवायचे नाहीत. छताचं कापड फोमवर चिकटवलेलं असतं, ते भिजलं की लोंबायला लागतं. त्याला ओलसर फडकं पुरे. रेक्झिनला हेच पातळ पाणी चालतं, खऱ्या चामड्याला नाही. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पुसा आणि वाळेपर्यंत आत जाऊ देऊ नका.

राहिला तुमचा शेवटचा मुद्दा, डावीकडच्या पुढच्या सीटखालचं कार्पेट न धुताही ओलं लागतं. त्यावर डिटर्जंट वाया घालवू नका. एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली की ते पाणी बऱ्याचदा त्याच बाजूला आत उतरतं. एसी चालू ठेवून गाडीखाली पाणी ठिबकतंय का बघा. दमट हवेतही ठिबकत नसेल तर आधी मेकॅनिककडून नळी मोकळी करून घ्या, कार्पेट उचलून खालून वाळवा आणि मग साबणाचं बघा.