मॅग्नेट पाण्यावर चालतो, मग पेट्रोलवर का नाही?

प्रश्न: पाण्याचं इलेक्ट्रोलिसिस (वीज सोडून पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन काढणं) करताना जवळ मॅग्नेट ठेवला तर गॅस जास्त निघतो, ते इलेक्ट्रॉनच्या स्पिनमुळे (प्रत्येक इलेक्ट्रॉन जणू इवलासा मॅग्नेट, त्याची दिशा म्हणजे स्पिन), असं वाचलं. इकडे एका दुकानदाराने माझ्या बाइकच्या पेट्रोलच्या नळीवर ६०० रुपयांचे दोन मॅग्नेट बसवून दिले, मायलेज आहे तिथेच. असं का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर: सहाशे रुपये गेले ते गेलेच धरा, पण पाण्याचं खरंय. २०१९ मध्ये स्पेनमधल्या तारागोनाच्या संशोधकांनी निकेल, झिंक आणि लोखंडाच्या ऑक्साइडचा थर दिलेल्या इलेक्ट्रोडजवळ (पाण्यात वीज सोडणारी पट्टी) साधा परमनंट मॅग्नेट आणला तर तेवढ्याच व्होल्टेजला करंट पार दुपटीवर गेला, आणि करंट जास्त म्हणजे गॅसही जास्त.

त्याचं काय आहे, ऑक्सिजन हा जरा विक्षिप्त गडी. बहुतेक रेणूंमध्ये इलेक्ट्रॉन जोडीने बसतात, एकाचा स्पिन वर तर दुसऱ्याचा खाली, हिशोब शून्य. ऑक्सिजनमध्ये मात्र दोन इलेक्ट्रॉन सुटे आणि दोघांचे स्पिन एकाच दिशेला, म्हणून तर लिक्विड ऑक्सिजन तगड्या मॅग्नेटच्या दोन टोकांमध्ये ओतला की खाली न पडता तिथेच लोंबकळतो, फिकट निळा, बघण्यासारखा प्रकार आहे. आता पाण्यात सगळे जोडीवाले आणि त्यातून बनवायचाय हा सुट्या दोघांचा ऑक्सिजन, म्हणजे मध्ये कुठेतरी स्पिन जुळवावे लागतात आणि तिथेच गाडी अडते. इलेक्ट्रोड स्वतः चुंबकीय असेल तर मॅग्नेटमुळे त्यातले स्पिन रांगेत येतात आणि काम सोपं होतं, त्या संशोधकांनी तरी असंच कारण दिलंय.

इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये रॉन नामान यांच्या ग्रुपने तर मॅग्नेटशिवायच जमवलं, मला ते जास्त आवडतं. इलेक्ट्रोडवर मळसूत्रासारखे पीळ असलेले रेणू लावले, त्यातून एका दिशेच्या स्पिनचे इलेक्ट्रॉन सहज जातात, उलटे अडखळतात. मग हायड्रोजन पेरॉक्साइड (जखमेवर टाकलं की फसफसतं तेच) जे उगाच मध्ये बनत बसतं ते खूप कमी झालं, कारण त्याला उलट स्पिनची जोडी लागते.

तुमच्या पेट्रोलमध्ये सगळे जोडीवालेच, रांगेत लावायला सुटा कोणी नाही. शिवाय मॅग्नेट बसवलाय नळीवर आणि जळणार सिलिंडरमध्ये! काढून ठेवा, सांडलेले स्क्रू गोळा करायला बरे पडतात, आणि मायलेजसाठी आधी टायरमधली हवा आणि एअर फिल्टर बघा.