सगळे फोटॉन सारखे, मग इलेक्ट्रॉनांची ऊर्जा वेगवेगळी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: प्रकाश पडला की धातूतून इलेक्ट्रॉन सुटतात, हा फोटोइलेक्ट्रिक परिणाम. त्यासाठी सोडियमवर ४३६ नॅनोमीटरचा निळा प्रकाश टाकला. फोटॉनची, म्हणजे प्रकाशकणाची, ऊर्जा २.८४ इलेक्ट्रॉन व्होल्ट; वर्क फंक्शन, म्हणजे इलेक्ट्रॉनला धातूबाहेर काढायला लागणारी किमान ऊर्जा, साधारण २.३. वजा केले की ०.५ उरतात. मग प्रत्येक इलेक्ट्रॉन ०.५ घेऊनच का सुटत नाही? आणि पुण्यातल्या तुमच्या कॉलेजात प्रॅक्टिकलला उलटं, म्हणजे इलेक्ट्रॉनांना मागे ढकलणारं, व्होल्टेज वाढवताना करंट एका झटक्यात बंद न पडता हळूहळू का उतरला?

ही वजाबाकी म्हणजेच आइनस्टाइनचं १९०५ चं समीकरण; ते फक्त कमाल ऊर्जा सांगतं, आणि त्याचं कारण धातूच्या आत आहे. विहीर डोळ्यांपुढे आणा. काठापासून पाण्याच्या पातळीपर्यंतचं अंतर म्हणजे वर्क फंक्शन. पण सगळं पाणी काही पातळीवर नसतं. सोडियममधले मोकळे इलेक्ट्रॉन त्या पातळीखाली सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत पसरलेले असतात. फोटॉनने अगदी वरचा इलेक्ट्रॉन उचलला तर हाती ०.५ उरतात, ०.३ खालचा उचलला तर ०.२, आणि ०.५ हून जास्त खालचा असेल तर तो बाहेरच येत नाही. शिवाय पृष्ठभागापासून थोडा आत सुटलेला इलेक्ट्रॉन वाटेत धडका खाऊन ऊर्जा गमावतो. म्हणून शून्यापासून ०.५ पर्यंत सगळ्या ऊर्जांचे इलेक्ट्रॉन निघतात. उलटं व्होल्टेज आधी मंद इलेक्ट्रॉन अडवतं, मग वेगवान. करंट उतरत जातो तो त्यामुळे.

प्रकाश दुप्पट प्रखर केलात तर इलेक्ट्रॉनांची संख्या वाढेल, कमाल ऊर्जा तीच राहील. ही गोष्ट भौतिकशास्त्रज्ञ लेनार्डने १९०२ मध्येच दाखवली होती.

आता एक मुद्दा, जो प्रॅक्टिकलच्या वहीत सहसा येत नाही. स्टॉपिंग पोटेन्शियलवरून, म्हणजे करंट पूर्ण थांबवणाऱ्या उलट्या व्होल्टेजवरून, कॅथोडचं (ज्यावर प्रकाश पडतो त्या धातूचं) वर्क फंक्शन काढायला जाऊ नका. दोन वेगळे धातू जोडल्याने त्यांच्यात आपोआप येणारं व्होल्टेज, म्हणजे संपर्क-विभवही, त्यात मिसळतं; त्यामुळे वारंवारता आणि स्टॉपिंग पोटेन्शियल यांच्या आलेखाची रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते, तिथून खरं तर समोरच्या कलेक्टरचं (इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या पट्टीचं) वर्क फंक्शन मिळतं. रेषेचा उतार मात्र शुद्ध राहतो: ४.१४ × १०⁻¹⁵ व्होल्ट-सेकंद. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ मिलिकनला आइनस्टाइनची प्रकाशकणांची कल्पना पटत नव्हती, तरी निर्वातात धातूचा पृष्ठभाग ताजा खरवडून त्याने मोजमापं घेतली आणि १९१६ मध्ये याच उतारावरून प्लांकचा स्थिरांक काढला. प्रयोगातला प्रामाणिकपणा म्हणजे काय, हे मला तिथे दिसतं.

तुमचा करंट शून्याच्या किंचित खाली गेला, त्याचंही उत्तर आहे. कॅथोडचा पदार्थ थोडा कलेक्टरवर बसतो आणि विखुरलेला प्रकाश तिथूनही इलेक्ट्रॉन सोडवतो. अप्पा बळवंत चौकातून काळा कार्डशीट आणा, दिव्यापासून फोटोसेलपर्यंत नळी करा, म्हणजे खिडकीचा उजेड तरी तुटेल. मग ३६५ आणि ४३६ नॅनोमीटरचे स्टॉपिंग पोटेन्शियल घ्या. दोन्हींत ०.५५ व्होल्टच्या आसपास फरक यायला हवा. बराच कमी आला, तर ४३६ च्या फिल्टरमधून जांभळा प्रकाश गळतोय का ते आधी तपासा.