शंका आणि स्क्रूड्रायव्हर: ‘-ओ’ दिला की प्रोग्रॅम का पडतो?

प्रश्न: सर, नमस्कार. मी बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या मामांचं वसमतच्या मोंढ्यात हळदीचं आडत दुकान आहे. तिथल्या लिनक्स मशीनची हार्ड डिस्क टकटक करायला लागली, म्हणून मी डीडीरेस्क्यूनं (खराब डिस्कची नक्कल काढायचं टूल) अख्ख्या डिस्कची इमेज काढून घेतली. ती डीबगएफएसनं, म्हणजे एक्स्ट२/३/४ फाइलसिस्टिमच्या आत डोकावायच्या टूलनं, उघडायला गेलो तर ‘बॅड मॅजिक नंबर’ (फाइलसिस्टिमच्या ओळखीचा आकडा जुळला नाही) म्हणून परत पाठवतो. पार्टिशन फाइलच्या सुरुवातीला नसून पुढं आहे, एवढं कळलं. मग ईटूएफएसप्रॉग्जचा (डीबगएफएस ज्या पेटीत येतं तिचा) सोर्स उतरवून घेतला आणि किती बाइट पुढं जायचं ते सांगायला ‘-ओ’ असा ऑप्शन टाकला. स्विचमध्ये केस लिहिली, कंपाइल झालं, एकही वॉर्निंग नाही. पण ‘-ओ १०४८५७६’ देऊन चालवलं की सेगमेंटेशन फॉल्ट. कुठं चुकलं?
— एक विद्यार्थी, वसमत (जि. हिंगोली)

उत्तर: तू दुसऱ्या वर्षाला आहेस म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

आधी इमेज काढलीस आणि मग नकलेवर हात घातलास, हे बेस्ट केलंस. माझ्या परभणीच्या दुकानात डिस्का येतात त्या तीन वेळा एफएसके (फाइलसिस्टिम दुरुस्त करायची कमांड) मारून, वर भावकीतल्या कुणी एकानं फॉरमॅट करून बघितलेल्या. मोंढ्यातलं मशीन असेल तर त्यात वर्षभराच्या पट्ट्या असतात, उचल असते. शेतकरी समोर उभा असताना ‘डिस्क गेली’ असं आडत्याला म्हणता येत नाही.

आता तुझा फॉल्ट. केस लिहिलीस, पण तिच्या वर गेटऑप्टला, म्हणजे कमांडवरचे ऑप्शन वाचणाऱ्या फंक्शनला, जी अक्षरांची ओळ दिलेली असते ती नीट बघ. तू तिथं नुसता ‘ओ’ टाकला असणार, त्याच्या पुढं कोलन नाही. त्या ओळीत आर, एफ, बी, एस यांच्यापुढं कोलन दिसेल, कारण त्यांना काहीतरी सांगावं लागतं. सी, आय, डब्ल्यू यांच्यापुढं नाही. स्मॉल डीला आहे, कॅपिटल डीला नाही, तिथं डोळे फाटतात. कोलन नसला की गेटऑप्टच्या लेखी तुझा ‘ओ’ म्हणजे नुसतं चालू-बंद करायचं बटन. ऑप्शनपुढचा मजकूर जिथं मिळतो त्या ऑप्टआर्गमध्ये तो नल (रिकामा पॉइंटर) ठेवतो, आणि तू त्या नलमधून आकडा वाचायला जातोस. पडणारच. समजा पडला नसता, तर १०४८५७६ हेच डिस्कचं नाव समजून त्या नावाची फाइल शोधत बसला असता. कंपायलर गप्प बसला, कारण त्याच्या दृष्टीनं ती एक साधी स्ट्रिंग आहे. आत काय लिहिलंय ते तो वाचत नाही.

कोलन टाक, फॉल्ट जाईल. पण पत्र तिथंच संपवलं तर तुझं नुकसान होईल, म्हणून थोडं पुढचं सांगतो.

तुझा आकडा बरोबर आहे का, हे ऑप्शनशिवायही तपासता येतं. पार्टिशन २०४८ व्या सेक्टरला सुरू होत असेल आणि सेक्टर ५१२ बाइटचा असेल, तर गुणाकार १०४८५७६ येतो. एक्स्ट४ चा सुपरब्लॉक (फाइलसिस्टिमची मुख्य माहिती असते तो) पार्टिशनच्या सुरुवातीपासून १०२४ बाइट पुढं असतो आणि मॅजिक नंबर त्याच्या आत ५६ बाइटवर. म्हणजे इमेजमध्ये १०४९६५६ या जागी हेक्सडंप करून बघ. तिथं ५३ आणि मग ईएफ असे दोन बाइट दिसले की जागा पक्की. नंबर खरा ईएफ५३ आहे, पण डिस्कवर लहान बाजू आधी लिहितात म्हणून उलटा दिसतो. मी हे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय. कुठलंही टूल ‘बॅड मॅजिक’ म्हणालं की आधी स्वतः डोळ्यांनी बघतो.

दुसरी गोष्ट ऐकून हिरमुसू नकोस. तुला हा ऑप्शन लिहायची गरजच नव्हती. इमेजच्या नावाला चिकटून प्रश्नचिन्ह, मग ‘ऑफसेट’ (किती बाइट पुढं जायचं ते), बरोबरचं चिन्ह आणि आकडा दिला की डीबगएफएसच्या पोटातली लायब्ररी स्वतःच तेवढं पुढं सरकते. फक्त ते सगळं अवतरणचिन्हात घाल, कारण शेल प्रश्नचिन्हाचा भलताच अर्थ लावतो. झेडशेल तर जुळणारी फाइल सापडली नाही म्हणून कमांडच चालवत नाही. मामांचं काम अडलंय, तेव्हा आज रात्री हाच रस्ता धर. आतलं फोल्डर बाहेर काढायला आरडम्प आहे. आणि ‘-डब्ल्यू’ला (लिहिण्याची परवानगी देणाऱ्या ऑप्शनला) हात लावू नकोस. डीबगएफएस मुळात फक्त वाचण्यासाठीच उघडतो, ते कुणीतरी विचार करून ठेवलंय.

तरी शिकायचंच म्हणून ऑप्शन पुरा करणार असशील, तर माझा एकच आग्रह आहे: केस लिहिणं चार ओळींचं काम, बाकीच्या ऑप्शनांशी त्याचं कसं पटतं ते ठरवणं हे खरं काम. ओपन-फाइलसिस्टिम हे फंक्शन वाच. ‘-एस’नं सुपरब्लॉक सांगितला आणि ‘-बी’नं ब्लॉकचा आकार सांगितला नाही, तर तिथं सरळ नकार मिळतो. ‘-सी’ म्हणजे मोडक्या डिस्कसाठीचा मोड आणि ‘-डब्ल्यू’ हे एकत्र दिले तर तो बजावतो आणि लिहिण्याची परवानगी काढून घेतो. तुझ्या ‘ओ’लाही असे नियम लागतील. ‘-आय’ दिला की फाइल ईटूइमेजनं काढलेली, नुसत्या मेटाडेटाची असते. तिच्यात डिस्कवरचा ऑफसेट कसला? तिथं नकार दे. नावातही प्रश्नचिन्हवाला ऑफसेट आणि वर ‘-ओ’ही, तर कोणाचं ऐकायचं? मी असतो तर तिथंही नकारच दिला असता. ‘-एस’चा आकडा पार्टिशनपासून मोजायचा की फाइलपासून, हे मॅन्युअलच्या पानात एका वाक्यात लिही.

आकडा वाचायला शेजारच्या ‘बी’च्या केसमधलं फंक्शन तू उचललं असशील. ते अनसाइन्ड लाँग देतं. ३२ बिटच्या मशीनवर त्यात ४ जीबीच्या पुढचा आकडा मावत नाही, आणि दुसरं-तिसरं पार्टिशन तर त्याच्या कितीतरी पुढं असतं. स्ट्रटूयूएलएल वापर. पुढं तो आकडा पोचवायला स्वतः फाइलमध्ये सीक करत बसू नकोस. ओपन करणाऱ्या फंक्शनचं ‘टू’ लावलेलं भावंड लायब्ररीत आहे, त्याचा दुसरा आर्ग्युमेंट याच कामाचा. तिथं ‘ऑफसेट’ची स्ट्रिंग बनवून दे.

एक जागा बहुतेक सगळे विसरतात. डीबगएफएसच्या आत गेल्यावरही ‘ओपन’ नावाची कमांड आहे, आणि तिची गेटऑप्टची ओळ वेगळी आहे. बाहेरून ‘-ओ’ चालतो आणि आतून चालत नाही, असं अर्धवट ठेवू नकोस. युसेजची ओळ बदल. टेस्ट्स फोल्डरमध्ये डीबगएफएसच्या चाचण्या ‘डी’नं सुरू होतात, त्यांच्यासारखी एक तुझी घाल.

अक्षराचंही बघ. डीबगएफएसमध्ये ‘ओ’ मोकळा आहे आणि लॉसेटअपमध्ये (इमेज फाइल डिस्कसारखी जोडायच्या कमांडमध्ये) ‘-ओ’ म्हणजे ऑफसेटच, तेव्हा तुझी निवड चुकीची नाही. पण त्याच पेटीतल्या डम्पईटूएफएसमध्ये ‘-ओ’नं सुपरब्लॉक आणि ब्लॉकसाइज सांगतात. एकाच घरात एका हाकेला दोघं ओ देणार. मला ते खटकतं. तुला चालत असेल तर असू दे.

आणि बनवलेलं चालवताना सोर्सच्या फोल्डरमधलं डीबगएफएस पूर्ण पत्ता देऊन चालव. मी एकदा अशाच एका बदलासाठी अख्खी दुपार घालवली. लाईट येत-जात होती, चहा तीनदा झाला, आणि स्क्रीनवर दर वेळी ‘इनव्हॅलिड ऑप्शन’. कोड चार वेळा उलटा-पालटा केला. शेवटी दुकानातल्या पोरानं विचारलं, ‘भाऊ, तुम्ही नेमकं कोणतं चालवायले?’ मी एसबिनमधलं, सिस्टिमबरोबर आलेलं जुनंच चालवत होतो.

जाता जाता: शोधताना कर्नलमधलं डीबगएफएस सापडेल, सिस-कर्नल-डीबगमध्ये माउंट होणारं. त्याचा याच्याशी नावापुरताही संबंध नाही. म्हणजे नावापुरताच आहे.

प्रश्न: चुकून डिलीट झालेल्या फाइली बघायला डीबगएफएसमध्ये एलएसडेल दिलं, तर ‘शून्य इनोड (फाइलच्या माहितीच्या नोंदी) सापडले’ म्हणतो. फाइली तर कालच गेल्यात. पार्टिशन एक्स्ट४ आहे.
— एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर: एलएसडेल एक्स्ट२ च्या जमान्यातलं आहे. तेव्हा फाइल पुसली तरी तिचे ब्लॉक कुठं होते ते इनोडमध्ये तसंच राहायचं. एक्स्ट३ पासून पुसतानाच ते नंबर शून्य केले जातात, एक्स्ट४ मध्येही तीच गत. यादी करायला काही उरतच नाही. जर्नलमध्ये, म्हणजे फाइलसिस्टिम आपल्या बदलांची नोंद ठेवते तिथं, इनोडची जुनी नक्कल राहिली असेल तर लॉगडम्पनं दिसू शकते, पण जर्नल गोल फिरत असतं आणि नवं आलं की जुन्यावर लिहितं. पार्टिशन आत्ता अनमाउंट करा, अख्ख्या डिस्कची इमेज काढा आणि मगच पुढचं. मशीन तेव्हापासून चालूच असेल तर तुमचं पत्र औशाहून परभणीला येईपर्यंत त्या जागेवर दुसरंच काही लिहून झालं असणार.