एसएसडी नवी, स्पीड जुनाच! वाचक विचारतात

प्रश्न : मी लग्नाचे फोटो-व्हिडिओ करतो. १ टीबीची पोर्टेबल एसएसडी (चिपवर डेटा साठवणारी ड्राइव्ह) घेतली, बॉक्सवर १०५० एमबी पर सेकंद लिहिलंय, पण लॅपटॉपवर ४० च्या वर जातच नाही. दुकानदार म्हणतो माल ओरिजिनल आहे. घोळ कुठंय?
(एक फोटोग्राफर, सातारा)

उत्तर : दुकानदार बहुतेक खरं बोलतोय. ४० हा आकडा बघितला की पहिला संशय केबलवर घ्यायचा. यूएसबी २.० या जुन्या मानकाची मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट म्हणून ८ नं भागलं की ६० मेगाबाइट आणि त्यातले हातात येतात ३५-४०. म्हणजे तुमची एसएसडी यूएसबी २.० वर चाललीय. टाइप-सीचं तोंड असलं म्हणजे केबल फास्ट असं काही नसतं हो, मोबाईलबरोबर येणाऱ्या बऱ्याचशा टाइप-सी केबली आतून २.० च असतात, अगदी आयफोन १५ प्रो एवढा महाग फोन पण त्याच्या बॉक्समधली केबलही २.० च. तुमच्या एसएसडीच्या बॉक्समध्ये वीतभर आखूड केबल आली असेल, जी आपण "ही काय कामाची" म्हणून ड्रॉवरमध्ये टाकतो, ती काढा आणि तीच वापरा.

तरी नाही वाढला स्पीड तर पोर्ट बघा. आता ही नावं कोणी ठेवली देव जाणे, ३.०, ३.१ जेन १ आणि ३.२ जेन १ ही तिन्ही एकाच ५ गिगाबिटच्या पोर्टची नावं आहेत, त्यावर साधारण ४००-४५० मिळतात. बॉक्सवरचे हजार हवे असतील तर १० गिगाबिटचा पोर्ट लागतो. २००० एमबीवाल्या काही एसएसडी २० गिगाबिटच्या "टू बाय टू" पोर्टवरच तो स्पीड देतात, आणि मॅकवाल्यांनी तर त्यासाठी जादा पैसे घालूच नयेत कारण बरेच मॅक ते चालवत नाहीत, १० वरच येऊन थांबतात. अजून एक गंमत, चौकोनी टाइप-ए पिन अगदी हळूहळू आत सरकवली तर कधीकधी २.० चे कॉन्टॅक्ट आधी लागतात आणि लॅपटॉप तिला २.० च समजून बसतो. काढा, एका दमात लावा.

तुमच्या कामात आणखी एक अडचण येणार ती आत्ताच सांगतो. कॅमेऱ्याच्या कार्डावरून थेट एसएसडीवर कॉपी करताना स्पीड कार्डाचा मिळतो, एसएसडीचा नाही. यूएचएस-१ प्रकारच्या मेमरी कार्डाची कमाल मर्यादाच १०४ एमबी आहे, त्यामुळे तिथं कितीही भारी एसएसडी लावा, ९० च्या आसपासच फिरणार. आणि ३००-४०० जीबी एका दमात टाकलं तर सुरुवातीला सुसाट जाऊन मध्येच स्पीड ढेपाळतो, तोही बिघाड नाही. आतल्या फ्लॅश मेमरीचा थोडा भाग कॅशसारखा (तात्पुरती जागा म्हणून) वापरतात, तिथं एका सेलमध्ये (कप्प्यात) एकच बिट लिहितात म्हणून पटापट होतं, तो भरला की मग एका सेलमध्ये तीन बिट (टीएलसी) किंवा चार बिट (क्यूएलसी) कोंबत बसावं लागतं. स्वस्तातल्या क्यूएलसी ड्राइव्ह अशा वेळी साध्या हार्डडिस्कच्याही खाली येतात. ड्राइव्ह जितकी भरलेली तितकी कॅश कमी, म्हणून थोडी जागा मोकळी ठेवत जा. लग्नाचं काम करणाऱ्यानं टीएलसीच घ्यावी असं माझं मत, दोन पैसे जास्त गेले तरी.

प्रश्न : माझ्याकडे विंडोज, मुलीकडे मॅक. मॅकवर फाइल दिसतात पण नवीन काही टाकता येत नाही. ड्राइव्ह खराब आहे का?
(एक गृहिणी, पुणे)

उत्तर : नाही ताई, ड्राइव्ह एनटीएफएसमध्ये (विंडोजची फाइल ठेवायची पद्धत) फॉरमॅट झालेली आहे. मॅक एनटीएफएस वाचतो, लिहीत नाही. आधी सगळा डेटा दुसरीकडे काढून घ्या (फॉरमॅटमध्ये सगळं उडतं!) आणि एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, दोन्हीकडे चालेल, बहुतेक नवीन फोनवरही चालेल. फॅट३२ करू नका, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. फक्त एक्सफॅट जरा नाजूक, कॉपी चालू असताना केबल हिसकली तर फोल्डरच गायब व्हायची भीती असते. २०१८ पासून विंडोज "इजेक्ट न करता काढा" अशीच सेटिंग देतं हे खरं, पण मॅकवर इजेक्ट करूनच काढा, आणि विंडोजवर केलंत तरी दोन सेकंदच जातात.

प्रश्न : ऑनलाइन १६ टीबीची एसएसडी दोन हजारात दिसतेय, रिव्ह्यू पण चांगलेत. घेऊ?
(एक विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : अजिबात नको. असल्या डब्या उघडल्या की आत मेमरी कार्ड चिकटवलेलं निघतं आणि फर्मवेअर (डबीच्या आतलं सॉफ्टवेअर) कॉम्प्युटरला १६ टीबी म्हणून थाप मारतं. खरी जागा भरेपर्यंत सगळं मस्त चालतं, म्हणून तर रिव्ह्यू चांगले, पुढं जे टाकाल ते हवेत जातं किंवा जुन्यावरच लिहिलं जातं. आधीच घेतली असेल तर विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, मॅक-लिनक्सवर एफथ्री ही फुकटची टूल्स पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचून बघतात, वेळ लागतो पण खरं काय ते कळतं. १ टीबीच्या ड्राइव्हवर विंडोज ९३१ जीबी दाखवतं ती मात्र फसवणूक नाही, कंपनी हजारानं मोजते, विंडोज १०२४ नं.

प्रश्न : घरातले सगळे जुने फोटो स्कॅन करून एसएसडीत टाकले आणि कपाटात ठेवली. आता निश्चिंत ना?
(एक निवृत्त शिक्षक, नागपूर)

उत्तर : सर, एवढ्यात नाही. एसएसडीत डेटा विजेच्या चार्जच्या रूपात असतो आणि तो हळूहळू गळतो, उन्हाळ्यात जरा जास्तच. "वर्षभर वीज नाही मिळाली की डेटा गेला" असं जे फिरतं ते अर्धवट आहे, जेडेक या चिपची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकातलं ते एक वर्ष ३० अंशाला आणि ड्राइव्हची लिहिण्याची क्षमता पूर्ण संपल्यावरचं आहे, तुमची नवी ड्राइव्ह त्यापेक्षा बरंच टिकेल. पण नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ठेवू नका आणि दर काही महिन्यांनी लावून फोटो उघडून बघत जा. मोठी काळजी वेगळीच आहे, तुमच्याकडे कॉपी एकच आहे. हार्डडिस्क बऱ्याचदा जाण्याआधी खरखर करते, एसएसडी बोलता बोलता गप्प होते आणि रिकव्हरीवाले भरपूर पैसे मागूनही खात्री देत नाहीत. वर्षानुवर्षं नुसतं ठेवायला साधी हार्डडिस्क स्वस्त पडते, एक घ्या, तीच कॉपी तिच्यावर टाका आणि मुलाच्या घरी ठेवायला द्या.

प्रश्न : एसएसडीला पासवर्ड लावला होता, विसरलो. काही जुगाड?
(नाव नको, ठाणे)

उत्तर : जुगाड नाही. कंपनीच्या सॉफ्टवेअरनं लावलेला लॉक असेल तर आतला डेटा एन्क्रिप्ट (पासवर्डशिवाय न वाचता येणारा) असतो, सर्व्हिस सेंटरलाही उघडत नाही. रिसेट होते, ड्राइव्ह परत वापरता येईल, पण कोरी. तो पासवर्ड तेव्हा कुठं लिहून ठेवलाय का एवढं मात्र रिसेट मारायच्या आधी बघून घ्या.